नारळ फोडून उघडलेला मेलबॉक्स

"मॅडम, मेल गेला."

नोकरीत मी हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. बाहेरच्याला ते साधं वाटेल, पण आमच्या कामात त्याचे दोन अर्थ होते. मेल गेला म्हणजे समोरच्याला पोचला, किंवा मेल गेला म्हणजे हरवला. कुठला अर्थ घ्यायचा, ते सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. कपाळावर घाम असला तर दुसरा.

मी धाराशिवला एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणक चालक होते. येडशीहून रोज एसटीनं यायचे. संस्थेच्या शाळा तुळजापूर-उमरग्यापर्यंत पसरलेल्या, आणि त्या सगळ्यांचा कारभार एका लाकडी टेबलावरच्या एका कॉम्प्युटरवर. संस्थेचं नाव लिहीत नाही. आमचे अध्यक्ष हा अंक वाचणार नाहीत याची मला खात्री आहे, पण त्यांना कुणीतरी वाचून दाखवील. वाचून दाखवणारी माणसं त्यांच्याभोवती कायम असत.

कार्यालय अधीक्षक होते मुळे. एकदा मी टेबलापाशी पोचले तर ते माझ्याच खुर्चीत कपाळाला हात लावून बसलेले.

"शेख मॅडम, घात झाला. सगळे मेल गेले."

घाम होता. मी पडद्याकडं पाहिलं. एरवी कोपऱ्यात लिफाफ्याचं चित्र असायचं, ते गायब.

"तुम्ही काही केलंत का?"

"जरा साफसफाई केली. पडदा लई भरला होता."

त्यांनी ते चित्र उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं, आणि त्यांची समजूत अशी की संस्थेचा सगळा पत्रव्यवहार त्या चित्रात भरून ठेवलेला असतो. मी समजावलं. मेलचा प्रोग्राम कॉम्प्युटरसोबतच येतो, आत बसवलेला असतो. चित्र म्हणजे त्याच्या दाराची नुसती पाटी. कीबोर्डवर खालच्या ओळीत खिडकीचं चित्र असलेली कळ आहे, ती दाबा, इंग्रजीत मेल असं टाइप करा, एंटर मारा. उघडतो.

मी तसं करून दाखवलं. सगळे मेल जिथल्या तिथं होते. मुळ्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "पण एवढ्या लांबून रोज कोण जाईल?"

मग मी त्यांना जवळची वाट करून दिली. पाटी परत लावली. तिच्यावर माऊसचं उजवं बटण दाबलं की एक यादी उघडते, तिच्यात शेवटी 'प्रॉपर्टीज' असतं. आत शॉर्टकट की नावाचा रकाना असतो. तिथं एखादं अक्षर दिलं की कंट्रोल, आल्ट आणि ते अक्षर अशा तीन कळा एकत्र दाबायच्या. प्रोग्राम हजर. मी एम दिला, आणि तिन्ही कळांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला.

त्या दिवसापासून मुळे सकाळी आल्या आल्या तीन बोटांनी मेल उघडायचे. उघडलेल्या मेलकडं समाधानानं बघायचे आणि चहाला जायचे. उघडणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम आमच्याकडं कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं. वाचायची ती मी. पण मी वाचून उपयोग नसायचा. निर्णय घेणाऱ्यानं वाचावं लागतं. म्हणून मी महत्त्वाचे मेल छापून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवायचे.

अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. सरळ नाक, पांढरे कपडे, आणि कुठल्याही गोष्टीचं उद्घाटन करण्याची विलक्षण हौस. ते पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि आल्यावर मी ठेवलेले कागद त्यांनी दोन बोटांनी उचलून बाजूला सारले.

"शेख मॅडम, आजपासून टेबलावर कागद नको. आपण पेपरलेस झालो."

"बरं भाऊसाहेब. मग मेल तुम्ही कॉम्प्युटरवर बघणार का?"

"बघू की. त्याचं ते ॲप घ्यावं लागंल आधी. किती दिवसांत येतंय?"

"ते आहेच आपल्याकडं. कॉम्प्युटरसोबतच आलंय. आपण रोज तेच वापरतोय."

भाऊसाहेब खुर्चीत सरसावून बसले. "आहे म्हणता? मग त्याचं उद्घाटन झालंय का?"

"न्हाय."

"मग!" असं म्हणून त्यांनी मुळ्यांकडं पाहिलं, आणि मुळ्यांनी मान अशी डोलावली की जणू हा विचार आजवर कुणाला सुचला नाही याचंच त्यांना नवल वाटत होतं.

कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. त्याच सुमाराला सुरवसे सरांचे मेल येत होते. सुरवसे सर जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत असलेल्या एका वस्तीवरच्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळेच्या आवाराची पश्चिमेची भिंत कलली होती. पहिल्या मेलला त्यांनी फोटो जोडला होता. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग, आणि ती किती खोल आहे हे दाखवायला सरांनी तिच्यात लाकडी फूटपट्टी घातलेली. अर्धी पट्टी आत गेली होती. भिंतीच्या पायथ्याशी आतल्या बाजूनं ओटा, आणि सरांनी खाली लिहिलं होतं की या ओट्यावर मुलं खिचडी खायला बसतात.

मी तो मेल छापला आणि पेपरलेसचा हुकूम मोडून भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मंचाचा आराखडा काढलेला मला सापडला. मी मुळ्यांना सांगितलं. मुळे म्हणाले, "बघू, कार्यक्रम होऊ द्या."

सरांनी फोन केला. मुळ्यांनी सांगितलं, लेखी पाठवा. सरांनी पुन्हा मेल केला. मग पुन्हा. शेवटी सर स्वतःच आले, दोन एसट्या बदलून. डोक्याला रुमालाचा टापरा, शर्टावर रस्त्याची धूळ. मुळ्यांनी त्यांना चहा पाजला आणि प्रेमानं म्हणाले, "सर, एवढ्या लांबून कशाला आलात? मेल करायचा ना."

सर माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, माझे मेल येतात ना इथं? का म्याच काहीतरी चुकतोय?"

"येतात सर. सगळे आलेत."

"मग?"

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. सर म्हणाले, "म्या भिंतीपाशी बाभळीच्या काट्या टाकल्यात. पोरं काट्या ओलांडून जातात. सावली तिथंच पडती ना दुपारी." एवढं बोलून ते गाडी गाठायला गेले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुळे हळूच माझ्याजवळ आले. "भाऊसाहेबांनी सांगितलंय, मेलबॉक्स साफ करून ठेवा. पाहुण्यांना कोरा करकरीत दिसला पाहिजे. आणि कळ दाबायच्या वेळी भाऊसाहेबांचा पुतण्या शुभेच्छांचा एक मेल सोडणार आहे. तो तेवढा वर दिसंल. तुम्ही तो वाचून दाखवायचा."

"सुरवसे सरांचे मेल?"

"सगळं साफ म्हणजे सगळंच की."

मी साफसफाईला बसले. आमंत्रणं, परिपत्रकं, जाहिराती, सगळं दुसऱ्या कप्प्यात हलवलं. सुरवसे सरांचे मेल हलवले नाहीत. नजरचुकीनं राहिले असं मी नंतरही कुणाला सांगितलं नाही. मी ते ठेवले, आणि वाचून झालेले असूनही त्यांच्यावर पुन्हा 'न वाचलेले' अशी खूण केली. घरी जाताना एसटीत मात्र मी एकदा काढलेलं तिकीट पुन्हा मागितलं. नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती, आणि भाऊसाहेबांचा राग संस्थेत सगळ्यांना ठाऊक होता.

कार्यक्रमाचा थाट काय सांगावा! सभागृहात सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक बोलावलेले. मंचावर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर आडवी लाल फीत. पडदा मोठा दिसावा म्हणून भिंतीवर प्रोजेक्टर सोडलेला. मुळे नारळ घेऊन थेट टेबलापाशीच निघाले होते. मी धावत जाऊन म्हटलं, "इथं नका फोडू, पाणी कीबोर्डात जाईल." त्यांनी तो दाराच्या पायरीवर फोडला. दारात उभ्या असलेल्या दोघांचे झब्बे भिजले.

खरी अडचण पुढं होती. मेल उघडायला तीन कळा, आणि मंचावर माणसं तीन. भाऊसाहेब, उपाध्यक्ष नानासाहेब, जे भाऊसाहेबांचे चुलतभाऊ आणि संस्थेतले पक्के वैरी, आणि प्रमुख पाहुणे देशपांडे साहेब, निवृत्त अधिकारी, वयानं सगळ्यांत मोठे. एकानंच तिन्ही कळा दाबाव्यात असं मी सुचवलं. त्यावर दोघा भावांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मागं सरकले.

"एकेकानं एकेक दाबू," भाऊसाहेब म्हणाले. "कंट्रोल माझ्याकडं राहू द्या."

"ते तर कायमचंच आहे," नानासाहेब म्हणाले. "मला कुठली?"

"तुम्हाला आल्ट, नानासाहेब," मी म्हटलं.

"त्याचा अर्थ काय?"

मी काही बोलायच्या आत मुळे म्हणाले, "पर्यायी."

नानासाहेबांचं तोंड उतरलं. अध्यक्षाला पर्यायी म्हणून ते आयुष्यभर बसले होते, आणि आता कीबोर्डानंही तीच जागा दिली. ते म्हणाले, "मग मला एम द्या." पण एम पाहुण्यांचा. शेवटी देशपांडे साहेबच म्हणाले, "अहो, मला कुठलीही चालेल, पण लवकर दाबू या. पंखा मंचापर्यंत येत नाही."

फीत कापली. तीन हात कीबोर्डवर आले. पहिल्यांदा नानासाहेबांनी रागानं आल्ट दाबलाच नाही. दुसऱ्यांदा पाहुण्यांनी एम आधी दाबून सोडून दिला. तिसऱ्यांदा मी मोठ्यानं "आता!" म्हटलं आणि तिघांनीही सुतारानं खिळा ठोकावा तशी कळ दाबली. मेल उघडला. टाळ्या कडाडल्या. फोटोवाला ओरडला, "बोटं उचलू नका!" त्यामुळं तिघं तसेच वाकून उभे राहिले, आणि मेलचा प्रोग्राम पडद्यावर तीन वेळा उघडून बसला.

पुतण्याचा शुभेच्छांचा मेल आला नव्हता. आमच्या मेलच्या पत्त्यात अजून जिल्ह्याचं जुनं नाव होतं, पोरानं उत्साहात नवं नाव टाकून पाठवला. तो गेला. दुसऱ्या अर्थानं गेला.

भिंतीवर आता फक्त सुरवसे सरांचे मेल होते. एकाखाली एक, सगळे न वाचलेले म्हणून ठळक अक्षरात. भिंत कलल्याबाबत. भिंतीबाबत स्मरण. भिंतीबाबत पुन्हा स्मरण. अत्यंत तातडीचे, भिंत. सर्वांत वरच्याचा विषय होता, 'कृपया कुणीतरी वाचावे.'

मुळ्यांनी प्रोजेक्टरपुढं जाऊन उभं राहायचा प्रयत्न केला, तर ती अक्षरं त्यांच्या शर्टावर उमटली.

देशपांडे साहेबांनी चष्मा सारखा केला. "हे काय आहे? वाचा बघू, मॅडम, सगळ्यांत वरचा मेल."

मी भाऊसाहेबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा. मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. भेग आता बाहेरूनही दिसते. काट्या टाकल्या आहेत. मुलं ऐकत नाहीत. मी दुपारी स्वतः तिथं खुर्ची टाकून बसतो. कृपया परवानगी द्यावी, आम्ही गावकरी मिळून भिंत उतरवून घेऊ.

"हे सुरवसे कोण? आलेत का?" साहेबांनी विचारलं.

मागच्या रांगेत सर उभे राहिले. एवढ्या लोकांत त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

"कधीपासून चाललंय हे?"

सर म्हणाले, "साहेब, म्या पहिला मेल केला तवा रानात ज्वारी पोटरीत होती, कणीस बी निघालं नव्हतं. आता रास होऊन कडबा बी विकला लोकांनी."

कुणी हसलं नाही. नानासाहेबांच्या तोंडावर मात्र सकाळपासून पहिल्यांदाच तजेला आला. ते भाऊसाहेबांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "कंट्रोल तुमच्याकडं आहे ना?"

इथं भाऊसाहेबांची थोरवी मान्य करावी लागेल. एका क्षणात त्यांनी माईक हातात घेतला. "पाहिलंत, मित्रांनो! यालाच म्हणायचं तंत्रज्ञानाची ताकद! आज ॲप सुरू झालं, आज तक्रार दिसली, आणि आजच निर्णय! उद्या सकाळी जेसीबी लावून भिंत पाडायची. नवी भिंत संस्था बांधून देईल." टाळ्या पडल्या, उद्घाटनापेक्षा जोरात. सुरवसे सरांनीही टाळ्या वाजवल्या. काम होणार होतं, तेवढं त्यांना पुरे होतं. मला मात्र टाळी वाजवता आली नाही.

संध्याकाळी मुळे माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, मेल तुम्हीच ठेवलेत."

"व्हय."

"भाऊसाहेब काही बोलले न्हाईत. एवढंच म्हणाले, शेख मॅडमना त्या शाळेची लई काळजी दिसतीय. उद्यापासून तिकडंच हजर व्हा, पुढचा हुकूम निघंपर्यंत." मग त्यांनी काखेतली एक गुंडाळी काढून माझ्यापुढं ठेवली. नवाकोरा फ्लेक्स होता. "हा घेऊन जा. भिंत पाडताना फोटो काढा आणि मेल करा. पेपरात द्यायचेत."

येडशीहून त्या वस्तीला जायचं म्हणजे सकाळी अंधारातच घर सोडायचं. पुढचा हुकूम कधी निघाला नाही, आणि मी निवृत्त झाले ती त्याच शाळेतून. पण पहिल्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. फ्लेक्सची गुंडाळी मांडीवर घेऊन मी जळकोटला उतरले, तिथून सरांच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले.

शाळेपुढं जेसीबी येऊन उभा होता. सरांनी मुलांना पार पलीकडं, कडुलिंबाखाली नेऊन उभं केलं, आणि खिचडी शिजवणाऱ्या गंगूबाईंना त्यांच्यापुढं आडवं उभं केलं. मग काट्या बाजूला ओढल्या. ड्रायव्हरनं मशीन पुढं घेतलं, लोखंडी पंजा उचलला आणि अंदाज घ्यायला म्हणून भिंतीच्या वरच्या कडेला हळूच टेकवला.

भिंत आख्खी आली. तुकड्यांनी नाही, वाळत घातलेलं घोंगडं दोरीवरून सुटून पडावं तशी एकदम, ओट्यावर. जमीन हादरली. धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा ओटाच राहिला नव्हता.

ड्रायव्हर खाली उतरला. तोंड पांढरं पडलं होतं. "सर, म्या तर नुसतं टेकवलं हो," तो म्हणाला. "आईच्यान, नुसतं टेकवलं."

सर पायरीवर बसले. त्यांनी दोन्ही तळहात तोंडावर धरले आणि बराच वेळ काढले नाहीत. गंगूबाई पलीकडून पोरांची डोकी मोजत होत्या, मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. मीही मोजायला लागले. सगळी तिथंच उभी आहेत हे दिसत असूनही मोजत होते. अल्लाचं नाव मी किती वेळा घेतलं, मला आठवत नाही.

थोड्या वेळानं मी फोनवर ढिगाऱ्याचे फोटो काढले आणि कार्यालयाला मेल केले. विषय लिहिला, 'भिंत पडली, मुले सुखरूप.'

उत्तर लगेच आलं. माझ्या सगळ्या नोकरीत कार्यालयाकडून इतक्या चटकन आलेलं ते पहिलंच उत्तर. मी ते सरांना वाचून दाखवलं. 'फोटोत बॅनर दिसत नाही. बॅनर दिसेल असे पुन्हा काढून पाठवावेत.'

सरांनी मान वर केली. आधी त्यांना समजलंच नाही. मग ते हसायला लागले. मीही हसले. दोघांनाही हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. ड्रायव्हर आमच्याकडं बघत राहिला.

जेवणाची वेळ झाली. पोरं ताटल्या घेऊन कडुलिंबाखाली उभी, आणि खाली काटे-गोटे. गंगूबाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "बाजी, त्या गुंडाळीत काय हाय?"

मी फ्लेक्स सोडून दिला. चांगला लांबरुंद होता. गंगूबाईंनी पदर कमरेला खोचला आणि एक टोक धरलं, दुसरं सरांनी धरलं, आणि तो झाडाखाली सरळ अंथरला. वर फेटा बांधलेले भाऊसाहेब हात जोडून हसत होते, बाजूला मेलचा लिफाफा, खाली 'नव्या युगाची सुरुवात'. पोरं दोन रांगांत मांडी घालून बसली. एकीनं भाऊसाहेबांच्या फेट्यावर ताटली ठेवली. गंगूबाई खिचडी वाढत गेल्या.

मी फोटो काढला आणि पाठवून दिला. बॅनर अगदी स्वच्छ दिसत होता.